परक्याचा वास

वॉलाग्रास, मेन
२ ऑगस्ट १९९३

रेनाल,

तुझा पत्ता फेर्नांद आत्याकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस. बिचारी आधी नाहीच म्हणत होती, पण मी फोनवर अशी काही भुणभुण लावली की कंटाळून तिनं सांगून टाकला. तुझा फोन नंबरही मागितला, तो मात्र तिनं दिला नाही. म्हणाली, "नंबर दिला तर तू त्याला ओरडशील, पत्रातून ओरडता येत नाही." आत्याला अजून माझं पत्रलेखन माहीत नाही.

कामाचं बोलते. परवापासून अस्वलांसाठी आमिष मांडायला सुरुवात केली. या वर्षी शिकारीला पाहुणे बरेच येणार आहेत आणि माणसं म्हणशील तर मी एकटी. पापांचे गुडघे फार दुखतात, म्हणून आमिषाच्या पिंपांपर्यंत त्यांना नेत नाही. सप्टेंबरात तुला सुट्टी काढता आली तर ये. कारखान्यात विमानाचे पंखे तुझ्याशिवाय फिरायचे थांबणार नाहीत. मधल्या गोष्टींबद्दल मी काही विचारणार नाही आणि पापाही विचारणार नाहीत.

तू गेल्यापासून फारसं काही बदललेलं नाही. बेकरीतले शिळे डोनट, हॉटेलातलं तळणाचं तेल आणि वर काकवी. ओढ्याजवळच्या मचाणावर बडीशेपेचा अर्क लावते, बाकी ठिकाणी मध जाळते. पापांचं जुनं काळं लोकरी जाकीट आता मी घालते. ते म्हणाले, "अस्वलांना माझी सवय आहे. तुझी लागेपर्यंत हंगाम संपेल. जाकीट घाल आणि मी चालतो तशी चाल." मग मी त्यांच्यासारखी डावा पाय ओढत चालते. रस्त्यानं जाणारं कुणी पाहिलं तर मलाच डॉक्टरकडे नेतील.

जाकीट लाकडांच्या खोपटात खिळ्याला टांगलेलं असतं, खाली देवदाराच्या फांद्या पसरलेल्या. घरात आणत नाही. स्वयंपाकाचा वास लागला की सगळं मुसळ केरात, हे तुला सांगायला नको.

येणार की नाही ते कळव.

ओडेट


१९ ऑगस्ट

रेनाल,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. आपल्या घरात गप्प बसण्याची कला सगळ्यांनाच येते, ती काही तुझी एकट्याची नाही.

ओढ्यावर यंदा मोठा नर लागलाय. छातीवर पांढरा पट्टा आहे, म्हणून पापांनी त्याचं नाव बिशप ठेवलंय. पिंपाच्या तोंडावर मी लाकडाचे ओंडके रचून ठेवते, ते तो एकेक करून बाजूला ठेवतो. फेकत नाही, ठेवतो. असं शिस्तीचं जनावर मी पाहिलं नाही. आणि उजेडात येतो! संध्याकाळी ऊन झाडांच्या शेंड्यावर असताना. मी झाडीत बसून पाहिला. आधी वारा तोंडावर येईल असा मोठा फेरा मारला, नाक वर करून उभा राहिला, माझ्या, म्हणजे पापांच्या, वासाची खात्री करून घेतली आणि मग निवांत येऊन जेवायला बसला. त्याच्या लेखी पापांचा वास म्हणजे जेवणाची घंटा. दुसरा कुठलाही वास आला की तो गेलाच म्हणून समज, आणि मग रात्रीशिवाय फिरकायचा नाही, अन् रात्री बंदूक चालवता येत नाही.

पेनसिल्वेनियाहून वेंडेल म्हणून एक पाहुणा येतोय, त्याला हाच हवाय. फोटो पाठवलेत मी. दर आठवड्याला त्याचा फोन असतो. कुठला साबण वापरू, कपडे कशात धुऊ, कॉफी प्यायली तर चालेल का. मी म्हटलं, "वेंडेलदादा, तुम्ही श्वास घेतलात तरी चालेल, पण शक्यतो मचाणावर नको." हसला नाही.

पापा बरे आहेत. मधूनच विसरतात, वय झालंय. परवा मला आईच्या नावानं हाक मारली. मीही ओ दिली, त्यात काय. टेबलावर दोन ताटं मांडलेली असताना ते तिसरं आणून ठेवतात. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणतात, "असूदे." त्यांच्या ताटातली प्लॉयची धिरडी गार होतात, पण ते त्या तिसऱ्या ताटाकडे पाहत बसतात. मी त्यांना लोण्याचा डबा सरकवते.

मी असं का लिहितेय तुला? लिहायचं नव्हतं.

ओडेट


२९ ऑगस्ट, रविवार

रेनाल,

उद्या हंगाम उघडतोय आणि कुणीतरी माझ्या पोटावर पाय दिलाय.

बिशप उजेडात यायचा बंद झालाय. पिंप रात्रीतून रिकामं होतं, ओंडके अजूनही व्यवस्थित बाजूला ठेवलेले असतात, पण संध्याकाळी झाडीत चिटपाखरू नाही. मी वारा तपासला, बूट पुन्हा घासले, पेट्रोल भरायला गेले त्या दिवशी पिंपाकडे फिरकले नाही. काही उपयोग नाही. मग आज सकाळी चर्चमधली मिसा चुकवून तिथं गेले आणि जमिनीवर आडवी होऊन पाहिलं. माझ्या वाटेवर माझेच ठसे. पण पलीकडे, अस्वलाच्या येण्याच्या वाटेवर, शेवाळ दबलेलं. माणसाचा पाय. आणि पिंपात डोनटांवर आपल्या घरात खातात तसल्या पावाचे तुकडे. माझ्याशिवाय दुसरं कुणीतरी तिथं रोज येतंय!

कोण असेल? ओढ्यापलीकडच्या त्या लाकूडतोड्यांचा मला पहिल्यापासून संशय आहे. माझ्या आमिषावर येणारं अस्वल ते आपल्या बाजूला ओढतायत. परतताना चर्चबाहेर त्यांच्यातला एक भेटला, त्याला चार लोकांत झाडलं. म्हटलं, "पुन्हा माझ्या पिंपाजवळ दिसलास तर तुझ्या पँटला मध लावून तुला मचाणाखाली बांधीन." तो म्हणाला, "बाई, मला अस्वलांची ॲलर्जी आहे." लोक हसले. मला हसू आलं नाही.

आणखी एक. पिंपाशेजारच्या बर्चच्या खोडाला नाक लावलं तर मला फुलांचा वास आला. जंगलात या दिवसांत तसली फुलं नसतात. कुणी बाई असावी का?

पापांना सांगितलं. ते नुसते हसले आणि म्हणाले, "परका वास लागला की बिशप लांब राहणारच." जणू मला माहीत नाही!

वेंडेल आलाय. खोलीत कपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरून बसलाय. माणूस सज्जन आहे, पण इतका घाबरलेला आहे की घामाचा वास मैलावर जाईल.

तू इथं असतास तर झाडीत दडून बसला असतास आणि त्या चोराला पकडलं असतंस.

ओ.


३ सप्टेंबर

रेनाल,

चोर सापडला.

सोमवारी मी वेंडेलला मचाणावर सोडलं, दुसऱ्या बाजूनं फिरून अस्वलाच्या वाटेवर जाऊन बसले. वाट पाहता पाहता फांद्या हलल्या, आणि बघते तर पापा. हातात पावाची पिशवी. घरातले सपाट बूट घातलेले, एका पायात मोजा नाही. असे चालत होते की एक काटकी मोडली नाही. मी त्यांचा हात धरला तेव्हा दचकले नाहीत. म्हणाले, "हळू. पाहुणा बसलाय वर."

घर ते ओढा दीड मैल आहे. मी दुसऱ्या मचाणांवर गेले की ते निघायचे आणि मी यायच्या आत परतायचे. मला कधी कळलं नाही.

आणि फुलांचा वास. तो साबण माझाच रे. लॅव्हेंडर. नर्सनं दिला होता, मऊ असतो म्हणून. आता सांगते. गुडघ्यांचं जे लिहिलं ते खोटं होतं. पापांचं डोकं चाललंय. गेल्या हिवाळ्यापासून. त्यांना आंघोळ मी घालते, कारण कपडे खराब होतात आणि त्यांना कळत नाही. पहिल्यांदा घातली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, मीही मिटले. कसली आंघोळ झाली असेल! आम्हां दोघांना पाण्याखाली आंधळ्यासारखे चाचपडताना तू पाहायला हवं होतंस. हसलो शेवटी.

मग तो साबण लावून ते पिंपाकडे जात होते. आयुष्यभर ज्या जनावरांना त्यांचा वास पाठ, त्यांनाच ते परके झाले. बिशप बिचकला तो त्यांनाच. आणि मी सगळ्या गावावर भुंकत फिरत होते. त्या लाकूडतोड्याची माफी मागून आले. तो म्हणाला, "ॲलर्जी खरी नाहीये, मी घाबरतो." चांगला आहे.

आता तुला जे विचारायचं ते विचारते. तू त्यांना का भेटत नाहीस ते मला माहीत आहे. मी ट्रकच्या मागच्या बाजूला बसले होते त्या दिवशी. शिकारीला निघालेले बॉस्टनचे पाहुणे पुढे पापांशेजारी होते आणि तू संध्याकाळी तुझ्या त्या दान्येलला भेटायचं म्हणून निळ्या बाटलीतलं ते दाढीनंतरचं अत्तर गालांना लावून आला होतास. पापांनी भर रस्त्यात ब्रेक मारला. "उतर. तुझ्या अंगाला परक्याचा वास येतोय. माझा पोरगा नाहीस तू." पाहुणे हसले, आणि तू उतरलास. मला वाटलं घरी जाशील, चिडशील, संध्याकाळी जेवायला येशील. तू बस पकडलीस. ते वाक्य वाईट होतं. त्यांनी ते धंद्याच्या भाषेत म्हटलं होतं, पण जखम ती जखम. मी त्यांची बाजू घेत नाही.

पण आता त्यांना ते आठवतही नाही. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस हळूहळू निघून चाललाय. तू कुणाशी भांडणार आहेस?

डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत माणसं ओळखतील याचा भरवसा नाही. ये. मला पाहुण्यांसाठी नको आहेस. त्यांच्यासाठी ये, आणि थोडासा माझ्यासाठी.

ओडेट

ता. क. साबण बंद केला. आता खाण्याच्या सोड्यानं धुते. बिशप परवा पुन्हा उजेडात आला, पण वेंडेलला नेम धरायला मिळाला नाही.


११ सप्टेंबर

रेनाल,

घाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं तर वाच.

काल संध्याकाळी वेंडेलला ओढ्यावर बसवलं. नेहमीच्या पद्धतीनं. दोघं मिळून आवाज करत गेलो, तो शिडीवर चढला, मी बादली पिंपावर वाजवली, डोनट ओतले, ओंडके रचले आणि एकटी परत निघाले. अस्वलाला मोजता येत नाही, जेवण वाढणारा आला आणि गेला एवढंच त्याला समजतं. जाताना वेंडेलला म्हटलं, "मी अंधार पडल्यावर येईन. तोवर इथं कुणी येणार नाही. ओंडके हलल्याचा आवाज झाला तर तो बिशप. घाई करू नका, कूस तुमच्याकडे करून आडवा होईपर्यंत थांबा." अगदी हेच शब्द. रात्रभर तेच ऐकतेय.

घरी आले, जाकीट खोपटात टांगलं, कांदे चिरायला घेतले. पापा आरामखुर्चीत रेडिओ ऐकत होते. दाराला मी नवीन कडी लावलीय, वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी. सूप उकळायला ठेवून मागं वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. त्यांनी स्टूल घेतलं होतं. नीट कडी काढून, नीट स्टूल जागेवर ठेवून गेले होते.

खोपटात धावले. खिळ्यावर जाकीट नाही.

तुला सांगायला हवं का, रेनाल? काळं जाकीट. देवदारांखाली त्या वेळी दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. हा काही हरणांचा हंगाम नाही, माणूस ओळखू यावा म्हणून नारिंगी रंग कुणी घालत नाही. आणि आंघोळही सोड्याचीच. अंगाला कसलाच परका वास नाही. मीच सगळं नीट करून ठेवलं होतं.

ट्रक काढला. हॉर्नवर हात दाबून धरला, पण वारा ओढ्याकडून घराकडे होता, तिकडे काही ऐकू जाणार नव्हतं. वाट संपली तिथं ट्रक सोडून धावत सुटले. बंदुकीच्या आवाजाची वाट बघत धावत होते. देवाला काय म्हटलं ते सांगत नाही, फारसं चांगलं नव्हतं.

पुढचं वेंडेलनं सांगितलं तसं सांगते. त्याला ओंडके हलल्याचा आवाज आला. एक बाजूला ठेवला, मग दुसरा. व्यवस्थित. पिंपावर काळं काहीतरी ओणवलेलं. त्यानं दुर्बिणीत धरलं, बोट घोड्यावर गेलं. आडवा होईपर्यंत थांब, हे माझं ऐकलं म्हणून थांबला. तोंडात पेपरमिंटची गोळी होती. मी मनाई केली होती, पण कोरड पडली म्हणून त्यानं चोरून खाल्ली. आणि त्या काळ्या आकृतीनं नाक वर केलं, इकडे तिकडे हुंगलं, सरळ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"वर कोण बसलंय? गोळ्या चघळतोयस? लाज नाही वाटत? उतर खाली, घरी जा. तुझ्यामुळे कुत्रंही यायचं नाही इथं!"

मी पोचले तेव्हा वेंडेल शिडीखाली गुडघ्यांवर बसून ओकत होता. बंदुकीतली गोळी काढून दूर फेकली होती त्यानं. आणि पापा कमरेवर हात ठेवून त्याला झापत होते, वारा, तोंड, दात घासणं, सगळा धडा. तो रडत रडत "हो साहेब, हो साहेब" म्हणत होता.

पलीकडे देवदारांत बिशप उभा होता. मी पाहिला, वेंडेलनं नाही. पापांकडे बघत होता, ते कधी जातात याची वाट बघत. मी त्याला दाखवला नाही.

मी पापांना मिठी मारली. कपड्यांना कांद्याचा वास, घामाचा वास, सुपाचा. त्यांनी मला दूर सारलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "ही बाई कोण? हिच्या अंगाला परका वास येतोय."

मग काय करणार? मी म्हटलं, "चला, गाडी आहे, घरी सोडते." ते आले. सभ्य माणूस आहे. गाडीत बसताना टोपी काढली त्यांनी माझ्यासमोर.

तुला ते वाक्य एकदा लागलं, मला काल. आता मला कळतं, तू बस का पकडलीस.

वेंडेल आज निघून गेला. जाताना पापांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाकीच्या पाहुण्यांना मी कळवून टाकलंय. पिंपं काढून आणतेय. फोर्ट केंटच्या वृद्धाश्रमात महिन्याअखेर एक खाट रिकामी होतेय, ती घेतली. घरात बसून रोज दाराकडे बघत राहायचं मला जमणार नाही. मला माफ कर किंवा करू नकोस.

यापुढे लिहिणार नाही. यायचं असेल तर महिनाअखेरीच्या आत ये.

ओडेट


२१ सप्टेंबर, दुपारी

रेनाल,

तू वरच्या खोलीत झोपलायस आणि मी खाली बसून तुला पत्र लिहितेय. आपल्या घरात समोरासमोर बोलायला कुणाला येतं? हे दाराखालून सरकवीन.

काल तू फाटकापाशी गाडी थांबवलीस तेव्हा मी शेवटचं पिंप ट्रकमधून उतरवत होते. तुझे केस पांढरे झालेत, मला आधी फेर्नांद आत्याचा नवराच वाटलास. तू काही न बोलता पिंपाची दुसरी बाजू धरलीस. बरं केलंस. बोलला असतास तर मी पिंप तुझ्या पायावर टाकलं असतं.

पापांनी तुला पाहुणा समजलं, ते तू किती शांतपणे घेतलंस! मी दारात उभी राहून ऐकत होते. "कुठून आलात?" "कनेटिकटहून." "लांबून आलात, दमला असाल. अस्वल आधी मारलंय कधी?" आणि तू म्हणालास, "नाही. शिकवाल?"

ते तुला खोपटात घेऊन गेले. मी खिडकीतून ऐकत होते, लाज सोडून. वाऱ्याचं सांगितलं, बुटांचं सांगितलं. बादली कुठल्या हातात धरायची ते दाखवलं. तुझी कॉलर नीट केली. तू चुकून बरोबर उत्तर दिलंस की कसे खूश होत होते! आपल्याला असं कधी शिकवलं त्यांनी? आपल्याला नुसते गुरकावून शिकवायचे. पाहुण्यांना मात्र इतकं गोड बोलायचे, हे मी विसरून गेले होते. तू खोपटातून बाहेर आलास आणि टायर बघायचं निमित्त करून गाडीमागे बराच वेळ उभा राहिलास. मी पाहिलं नाही असं समज.

आता जे सांगायला लिहितेय ते. सकाळी तू गावात औषधं आणायला गेला होतास तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पाहुण्याला कुठं झोपवलंस?"

म्हटलं, "रेनालच्या खोलीत."

एकदम उठले. जिना चढून गेले, तेही कठडा न धरता, आणि आईच्या पेटीतून एक गाठोडं काढून आणलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, वरून सुतळीनं आवळलेलं, आपण शिकारीचे कपडे ठेवतो तसं. आत तुझी ती लाल-काळी घोंगडी. तू गेलास तेव्हा बिछान्यावर होती ती. मला वाटत होतं त्यांनी रागानं जाळली.

मला म्हणाले, "ही पाहुण्याला द्यायची नाही. दुसरं काहीही दे."

"का?"

"ह्यात पोराचा वास आहे. एकदासुद्धा धुतलेली नाही. परक्याचा वास लागू द्यायचा नाही तिला."

तेच पुढे म्हणाले, अगदी स्वच्छ, पूर्वीसारखे. "माझं डोकं जातंय, ओडेट. मला कळतं. तोंडं विसरतोय. पण नाक शाबूत आहे अजून. तो येईल तेव्हा मला ओळखायला नको का?"

माझं नाव घेतलं, रेनाल. त्यानंतर पुन्हा मला आईच्या नावानं हाक मारली आणि चहा मागितला.

दोन वाजलेत, ते खुर्चीत झोपलेत. त्यांच्या मांडीवरून ती घोंगडी मी हळूच काढून घेतली. मी हुंगून पाहिली. मला तर नुसता पेटीतल्या लाकडाचा वास येतो. पण माझं नाक ते काय, कांद्यांत गेलं सगळं आयुष्य.

तुझ्या दाराबाहेर ठेवलीय. अंघोळ करू नकोस, तोंडही धुऊ नकोस. ती अंगाभोवती घट्ट गुंडाळून घे आणि ते जागे व्हायच्या आत खाली येऊन त्यांच्याशेजारी बस.

ओडेट